क्युरेटर व्हायचंय, राहते अमळनेर तालुक्यात

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

"ताई, मी २३ वर्षांची. बी.एफ.ए. झालंय. घरी कपाशीची शेती. कॉलेजच्या सहलीत कोचीचं बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन) पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही. बाकीच्या मुली चित्रांसमोर सेल्फी काढत होत्या आणि मी बघत होते की हे याच्या शेजारी का लावलंय, पाटीवर काय लिहिलंय, उजेड कुठून टाकलाय. मला समकालीन कलेचा अभ्यास करायचाय, क्युरेटर व्हायचंय. मागच्या आखाजीला गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन केलं. तालुक्यातल्या जुन्या पेंटरांनी हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे ४० फोटो लावले. नाव दिलं 'लुप्त होत चाललेली कला'. माहेरपणाला आलेल्या पोरींपासून सरपंचांपर्यंत बरीच माणसं आली. अप्पा सगळं बघून म्हणाले, 'हाई बी काय काम शे का?' घरच्यांचं म्हणणं, ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) कर आणि शाळेत चिकट. माझं इंग्रजी यथातथा. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. खान्देशात राहून हे जमतं का? की आधी गाव सोडायचं? आणि हो, घरी स्थळंही बघताहेत. नाव छापू नका."

उत्तर:

अप्पांचा राग मानू नकोस. हॉलमध्ये दोरीला लटकवलेले फोटो पाहून कुणालाही वाटेल की पोरीची हौस झाली. क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्याचं, त्यांना न दिसलेलं काम त्याच्या आधीचं असतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं तूही अजून केलेलं नाहीस.

एखादं साधं तीस-चाळीस चित्रांचं प्रदर्शन घे. चित्रं कुणाच्या बैठकीत, कुणा ट्रस्टच्या कपाटात, कुणा गॅलरीच्या गोदामात पसरलेली असतात. ती हुडकायची. अस्सल कोणतं, मागाहून कुणी केलेलं कोणतं, हे कागदपत्रांवरून ठरवायचं. मालकाला पटवायचं, उसनं देण्याचा करार करायचा, विमा उतरवायचा. खोक्यात भरताना प्रत्येक चित्राची अवस्था लिहायची, कुठे पोपडा निघालाय, कुठे बुरशी आहे, आणि खोकं उघडताना ती पुन्हा ताडून पाहायची. याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. भांडण झालं की तोच उपयोगी पडतो. कागदावरच्या कामावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड टाकत नाहीत. म्हणजे आपल्या शाळेच्या ट्यूबलाइटच्या हॉलपेक्षा कितीतरी अंधार, आणि मग "लाइट गेली का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर हसून द्यायचं. भिंतीवरचा मजकूर लिहायचा, हिशेब ठेवायचा, उद्घाटनाला कुणाला कुठे बसवायचं याचे रुसवेफुगवे काढायचे. भिंतीवर चित्र टांगणं हा या सगळ्यातला शेवटचा आठवडा. आणि हे सगळं सुरू होण्याआधी वर्ष-दोन वर्षं निव्वळ वाचन, पायपीट आणि विचारपूस.

म्हणून तुला एकच गोष्ट ठासून सांगते: आधी विषय धर. क्युरेटरकी विषयाच्या मागोमाग येते. "मला क्युरेटर व्हायचंय" असं म्हणणारी पुष्कळ मुलं भेटतात. "कशाची?" असं विचारलं की गप्प होतात किंवा मोघम "समकालीन कलेची" म्हणतात. ज्या विषयातलं तुझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही असा एक विषय हातात असला, की मुंबईतल्या ओळखीची अडचण निम्मी सरते. तशा माणसाला शोधत लोक येतात.

तुझ्याकडे तो विषय आहे. तो तू नीट हाताळलेला नाहीस, म्हणून जरा कडक बोलते.

पाट्यांचे ४० फोटो लावलेस. पत्रासोबत पाठवलेल्या यादीत प्रत्येक फोटोखाली दुकानाचं नाव आणि गाव आहे. पेंटरचं नाव फक्त सात ठिकाणी, तेही त्याने स्वतःच पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं म्हणून. बाकीच्यांचं काय? त्याच गावात चहाच्या टपरीवर विचारलं असतंस तर नाव कळलं असतं, बहुधा घरही दाखवलं असतं कुणी. आणि 'लुप्त होत चाललेली कला' हे नाव तर मला मुळीच आवडलं नाही. तो पेंटर जिवंत आहे, सकाळी उठून दुसऱ्या कामाला जातोय आणि त्याच्या गावात जाऊन तू त्याचं तेरावं घातलंस. फ्लेक्स आला, एका रात्रीत पोटावर पाय आला, ही त्याची खरी गोष्ट आहे. त्यात धंदा आहे, यंत्र आहे, निवडणुका आहेत, उधारी आहे. 'लुप्त' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं आणि बघणाऱ्याला नुसते उसासे टाकायची सोय होते.

पुन्हा जा. वही आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग, एवढं पुरे. हा हात कुठे बसला, उस्ताद कोण होता, दर अक्षरावर होता की फुटावर, असं विचार. दोऱ्याला खडू लावून रेघ मारायचे का? अक्षराला सावली द्यायची तर ती कुठल्या बाजूने, आणि ते कोणी ठरवलं? जिनिंगच्या पाट्या, पीरबाबाच्या उरुसाचे बोर्ड, निवडणुकीतल्या भिंती, बँडवाल्याची गाडी, यांत कुठल्या कामाला जास्त पैसे मिळायचे? देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं एकाच हाताची वाटतात का? कुणाकडे जुनी स्टेन्सिलं, नमुन्यांच्या वह्या असतील तर त्यांचे फोटो काढ. त्या मागू नकोस. आणि अशी दोन तासांची मुलाखत घेतलीस तर त्या माणसाचा रोज बुडतो. जमेल तेवढं मानधन दे, किमान पुढच्या अर्जांत त्यासाठी रक्कम धरायला शीक. फोटो वापरायची परवानगी लेखी घे, त्याच्या भाषेत, चार ओळींत.

हे झालं की तुझ्याकडे नुसतं फोटोंचं प्रदर्शन राहणार नाही. ते संशोधन होईल. लेख, प्रबंध, फेलोशिपचा अर्ज, पुढचं प्रदर्शन, सगळं त्याच वहीतून निघेल.

आता खान्देशाचं. इथे राहून जमतं का, असं विचारतेस. इथे काय पडलंय ते आधी बघू.

चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनपासून जवळच. १९१२ साली जन्मलेला हा पारशी छायाचित्रकार १९८९ च्या डिसेंबरात गेला आणि त्याआधीची जवळजवळ पाच दशकं घराबाहेर फारसा पडलाच नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड खेळवून त्याने जी छायाचित्रं केली त्यांना देशाबाहेर बक्षिसं मिळाली. आता गंमत बघ. खान्देशात कुणालाही विचार, मेल गाडीने येणाऱ्या प्रेयसीची रोज वाट पाहणाऱ्या मूस यांची गोष्ट पाठ असते. छायाचित्रांबद्दल विचारलं की दोन वाक्यांत गाडी थांबते, "फार महान कलाकार" या स्टेशनवर. अभ्यासकाने गोष्टीपाशी थांबायचं नसतं. प्रिंट उलटी करून बघायची. त्या काळी छायाचित्रं परदेशी स्पर्धांना, सलोनांना पाठवत तेव्हा मागे चिठ्ठ्या, शिक्के लागत. कोणतं काम कोणत्या साली कुठे गेलं, त्याच वेळी मुंबई-कोलकात्यात बाकीचे छायाचित्रकार काय करत होते, घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला कागद आणि रसायनं कुठून मिळायची, परदेशी मासिकं कोणती येत असत? एवढ्यातून एक अख्खा प्रबंध निघतो. आणि आज आपले कलाकार खोलीत वस्तू मांडून, त्यांचे फोटो काढून 'इन्स्टॉलेशन' करतात, त्यांच्या शेजारी मूस लावले तर काय दिसेल? इथे तुझ्यातली समकालीन कलेची अभ्यासक कामाला लागते.

दुसरं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू. शाळेत एवढं घोकलेलं असतं. पण गांधीजींनी त्या अधिवेशनाच्या मांडणीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? अट अशी की खेड्यात मिळेल त्याच सामानात उभं करायचं. बांबू, चटया, गावठी साधनं. म्हणजे देशातला एक मोठा चित्रकार यावल तालुक्यात येऊन आपल्या बुरुड-सुतारांसोबत एक अख्खं नगर मांडत होता. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्याने केलेली चित्रफलकं जगप्रसिद्ध झाली; २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात ती लावली होती. फैजपूरचं बांबूचं काम मात्र अधिवेशन संपल्यावर उतरवलं गेलं. त्या मांडणीत कोणते स्थानिक कारागीर होते? कुणाच्या घरी फोटो आहे? सावदा-रावेरच्या कुणा आजोबांनी आपल्या बापाकडून काही ऐकलंय? ज्यांना थेट आठवण असेल अशी माणसं आता उरली नसणार, पण त्यांची मुलं आहेत, आणि तीही ऐंशीच्या पुढे गेलीत. प्रदर्शन कसं मांडतात, खेड्यातल्या माणसासाठी कसं मांडतात, हा प्रश्न जगभरचे क्युरेटर आज मोठ्या परिषदांत चघळतात. त्याचं एक उत्तर तुझ्या घरापासून काही तासांच्या एसटीवर उभं राहिलं होतं.

भुसावळचंही सांगून टाकते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात हयात घालवलेला रॉबर्ट गिल तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. १८७९ साली तो वारला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ज्याला 'नक्कल', 'दस्तऐवज', 'हरवलेलं चित्र' या विषयांवर काम करायचंय त्याला यापेक्षा मोठी सुरुवात काय हवी?

नंदुरबारबद्दल मात्र सावध करते. काठी गावची राजवाडी होळी, अंगावर नक्षी आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या, हे पाहिलं की कुणाच्याही मनात प्रदर्शन उभं राहतं. दरवर्षी कॅमेऱ्यांची झुंबड असते तिथे. ज्यांचा तो नवस आहे, व्रत आहे, त्यांना न विचारता, त्यांच्यातलं कुणी सोबत न घेता 'आदिवासी कला' म्हणून ते भिंतीवर आणू नकोस. पावरा किंवा भिल्ल समाजातली एखादी मुलगी तुझ्याबरोबरीने क्युरेटर असेल, तिचं नाव तुझ्या आधी येणार असेल, तर विचार कर.

म्हणजे विषयांसाठी गाव सोडायची गरज नाही. शिकायला मात्र सोड. हे मी अप्पांसमोरही म्हणेन. समकालीन कलेचं शास्त्रशुद्ध वाचन, वाद घालणारे मित्र, चांगलं ग्रंथालय, महिन्याला दोन-तीन नवी प्रदर्शनं, हे जळगाव-धुळ्याला मिळत नाही आणि ते मिळत असल्याचं सोंग करण्यात अर्थ नाही.

कुठे जायचं? सगळ्यांच्या तोंडी मुंबई. मी म्हणते आधी बडोद्याचा विचार कर. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० सालची, आणि कलेचा इतिहास हा विषय तिथे पहिल्यापासून चित्रकला-शिल्पकलेच्या शेजारी बसून शिकवला जातो. तू कॅन्टीनमध्ये ज्याच्याशी भांडशील तोच उद्या तुझ्या प्रदर्शनातला चित्रकार असेल. पुस्तकी अभ्यासाला असा शेजार फार ठिकाणी मिळत नाही. आणि अमळनेरहून ताप्ती लाइनने नंदुरबार, सुरत करत बडोदा. मुंबईच्या मानाने राहणं-खाणंही आटोक्यात. सयाजीराव तसे आपल्या शेजारच्या कवळाण्याचे, मालेगावजवळचे, हे अप्पांना सांगायला हरकत नाही. अशा गोष्टींचा घरात उपयोग होतो.

दिल्लीला जेएनयूमध्ये स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स आहे. तिथे वाचन आणि सिद्धांत जास्त, आणि फी पाहिलीस तर विश्वास बसणार नाही इतकी कमी. मुंबईत राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधुनिक-समकालीन कला आणि क्युरेशन यांचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवतं. तो चांगला आहे, पण एम.ए.ची जागा तो घेणार नाही. नंतर कर किंवा नोकरी करताना कर.

पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गाला ५०) झाली की यूजीसी-नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दे, विषय 'दृश्यकला'. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. पीएच.डी. करत करत घरी थोडेफार पाठवता येतील इतके. जेआरएफला वयाची अट ३०, मुलींना पाच वर्षं सवलत. नाही मिळाली तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिपच्या जाहिरातींवर डोळा ठेव. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप महिना १०,००० ची, दोन वर्षं. तिला किमान वय २५ लागतं, म्हणजे तुला अजून वेळ आहे. आणि बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स संशोधनाला अनुदान देतं. अर्ज मराठीत करता येतो. पाट्यांचा विषय तिथे टाकायच्या लायकीचा आहे, आज नाही, मुलाखती झाल्यावर.

इंग्रजीचं दडपण तुझ्या पत्रभर पसरलंय. यथातथा इंग्रजी ही अडचण आहे, नाही कशी म्हणू? या क्षेत्रातलं नव्वद टक्के वाचन इंग्रजीत आहे आणि त्यातलं निम्मं मुद्दाम अवघड लिहिलेलं आहे. (ते समजलं नाही की दोष आपला, असं वाटून घेऊ नकोस. मला अजूनही काही लेख तीनदा वाचूनही कळत नाहीत, आणि मग कळतं की त्यात कळण्यासारखं फार नव्हतंच.) रोज दोन पानं वाच, आणि त्यांतलं म्हणणं मराठीत पाच ओळींत लिही. भाषांतर करत बसू नकोस, फक्त म्हणणं काय ते लिही. वर्षभरात फरक पडतो. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा संग्रह ऑनलाइन खुला केलाय. जुनी पत्रं, कात्रणं, प्रदर्शनांच्या पुस्तिका घरबसल्या वाचता येतात. तिथून सुरू कर. गीताबाईंचं काम वाचताना तारखाही बघ: कलाकारांवरचं पहिलं पुस्तक १९७८ मध्ये आणि लंडनच्या टेट मॉडर्नमधलं मुंबईवरचं प्रदर्शन २००१ मध्ये. मधली सगळी वर्षं लिहिणं, वाद, संपादन, पुन्हा लिहिणं. या धंद्यात पंचविशीत कुणी मोठं होत नाही, आणि ते बरंच आहे.

उलट मराठी हे तुझं भांडवल आहे आणि ते तू अडचणीच्या खात्यात टाकलंयस. मुंबईच्या मोठ्या दालनांतही मराठी पाटी म्हणजे बहुतेकदा इंग्रजीचं उरकलेलं भाषांतर असतं. कलेबद्दल स्वच्छ, जिवंत मराठी लिहिणारी माणसं मोजकी. द. ग. गोडसे १९१४ साली जळगाव जिल्ह्यात जन्मले. चित्रकार, नाटकाचे नेपथ्यकार, आणि शिल्पाबद्दल, चित्राबद्दल, इतिहासाबद्दल त्यांनी मराठीत जे लिहिलं ते वाचायला आजही कलाशाखेचं प्रमाणपत्र लागत नाही. आणि तुला अहिराणीही येते. पेंटरकाकांची मुलाखत अहिराणीतच घे. ते शुद्ध मराठीत बोलायला लागले की निम्मं पोटातच ठेवतील.

पदवी, भाषा, शहर यांतलं एखादं कमी असलं म्हणून रस्ता बंद होतो असं वाटत असेल, तर ओक्वी एन्वेझोर या क्युरेटरबद्दल वाच. नायजेरियातून अमेरिकेत आला, राज्यशास्त्र शिकला, कविता करायचा. कलेच्या इतिहासाची पदवी नव्हती. न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांमध्ये आफ्रिकी कलाकार कुठेच दिसत नाहीत म्हणून १९९४ मध्ये त्याने त्या विषयावर स्वतःच नियतकालिक काढलं. १९९७ मध्ये जोहान्सबर्गचं बिएनाले, २००२ मध्ये जर्मनीतलं डॉक्युमेंटा हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, जिथे त्याच्याआधी युरोपाबाहेरचा कुणीही प्रमुख नव्हता. मग २०१५ ला व्हेनिस. त्याची पहिली गुंतवणूक विषयात होती, हे तेवढं बघ.

पैशाचं अप्पांना खरं सांग. संग्रहालयातली क्युरेटरची पदं (सरकारी जाहिरातीत 'अभिरक्षक' शोध) थोडी आहेत आणि समकालीन कलेसाठी तर फारच थोडी. खासगी गॅलरीत सुरुवातीला तू याद्या करशील, चहा सांगशील, कुरिअरवाल्याशी भांडशील. पगार मुंबईतल्या भाड्यात जाईल. स्वतंत्र क्युरेटरचं मानधन एका प्रदर्शनाचं मिळतं, वर्षाचं नाही. टिकाऊ वाट म्हणजे विद्यापीठात, कला महाविद्यालयात शिकवणं आणि सोबत प्रदर्शनं करणं. त्या जागाही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर रेटल्या जातात हे मला माहीत आहे. म्हणून तिशीपर्यंत हात आखडता असेल हे धरूनच चाल. ए.टी.डी.ला नावं ठेवू नकोस, पण शाळांत कलाशिक्षकांच्या जागा खरोखर किती भरल्या जाताहेत याची चौकशी अप्पांनीच एकदा जिल्हा परिषदेत करू दे. 'सुरक्षित' वाटेची लांबी त्यांनी स्वतः मोजलेली बरी.

एका गोष्टीपासून लांब राहा. "आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सहभागी व्हा, क्युरेटर म्हणून प्रमाणपत्र मिळवा" असे मेसेज तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत असणारच. कलाकारांकडून भिंतीच्या फुटांप्रमाणे पैसे गोळा करायचे, हॉल भाड्याने घ्यायचा, पाहुण्याला शाल-श्रीफळ, सगळ्यांना ट्रॉफी. पैसे भरून भिंत भाड्याने घेणं हा गुन्हा नाही, बरेच चांगले चित्रकार घेतात. पण तिथे निवड होत नाही, आणि जिथे निवड नाही तिथे क्युरेटरचं काम काय? अशी चार प्रमाणपत्रं अर्जाला जोडलीस तर जाणता माणूस तो अर्ज बाजूलाच ठेवेल.

त्यापेक्षा कोचीच्या बिएनालेत प्रेक्षकांना कामं समजावून सांगणारे आर्ट मीडिएटर आणि स्वयंसेवक घेतात, तिथे अर्ज टाक. दिवसाला शंभर जणांना एकच काम वेगवेगळ्या शब्दांत सांगायला लागलं की आपल्याला ते किती कळलंय हे उघडं पडतं. आणि घराजवळ जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय एकदा प्रेक्षक म्हणून न बघता कारागीर म्हणून बघ. मजकूर किती उंचीवर, किती शब्दांचा, ध्वनी कुठे सुरू होतो, शाळेची पोरं कुठे पळतात आणि कुठे थबकतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी कागदपत्रं कशी नोंदवतात, कशी ठेवतात ते विचार. आपल्याकडे ४५ अंशांचा उन्हाळा असतो आणि पेंटरकाकांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत असतात. हे ज्ञान तुला पहिल्या दिवसापासून लागणार आहे.

स्थळांबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, मीही थोडक्यात सांगते. लग्न कर की नको हे मी ठरवणार नाही. पण बघायला येणाऱ्यांना पोहे देताना हेही सांग की या कामात फिरती आहे, प्रदर्शन लागण्याआधीच्या आठवड्यात रात्री बारा वाजतात, आणि तिशीपर्यंत पगाराची चिठ्ठी दाखवता येणार नाही. ज्याला हे ऐकूनही प्रश्न विचारावासा वाटेल त्याच्याशी दुसऱ्यांदा बोल. बडोद्याचा अर्ज मात्र कुणाच्याही होकारासाठी अडवून ठेवू नकोस. प्रवेशाच्या जाहिराती साधारण उन्हाळ्यात निघतात. तोवर निदान दहा पेंटरांच्या मुलाखती वहीत उतरलेल्या हव्यात, म्हणजे कापसाची वेचणी आटोपली की लगेच निघावं लागेल.